सरकारी रोजगार योजनेची मुदत संपल्यावर किती जणांना कायमचं काम मिळतं?

पाऊलवाट:
रोजगार योजनेचा अहवाल कुठल्याही सरकारचा असो, पहिल्या पानावर एक आकडा ठळक असतो: इतक्या लाख लोकांच्या हाताला काम दिलं. मुदत संपल्यावर त्यातले किती जण दुसरीकडे पगारावर लागले आणि वर्षभराने तिथे टिकून होते, हे शोधायला गेलं तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. बेरोजगारांना अर्ज लिहायला आणि मुलाखतीची तयारी करायला मदत करणं हे माझं काम. योजनेतून बाहेर पडलेली माणसं रोज समोर बसतात. काहींना त्या कामाने खरोखर पुढे नेलेलं असतं. काही जण मात्र होते तिथेच परत आलेले असतात, आणि मधल्या काळात वय वाढलेलं असतं.

सुरुवातीला एक ठोस गोष्ट मांडते. डेव्हिड कार्ड, योखेन क्लुव्ह आणि आंद्रेआ वेबर या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१८ साली जगभरातल्या २०७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. प्रशिक्षण, खासगी मालकाला वेतनासाठी अनुदान, नोकरी शोधायला मदत आणि सरकारने स्वतः काढलेली कामं, अशा सगळ्या प्रकारच्या योजना त्यात आहेत. पहिल्या वर्षात सरासरी परिणाम जवळपास शून्य. दोन-तीन वर्षांनी मोजलं तर प्रशिक्षणाचा आणि खासगी ठिकाणच्या कामाचा फायदा दिसायला लागतो. सरकारने काढलेल्या कामांचा परिणाम मात्र तेव्हाही नगण्य, काही ठिकाणी उलटाच. 'रोजगार निर्मिती' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जी योजना येते, नेमकी तीच सगळ्यात मागे.

असं का होतं, आणि कुठे होत नाही? अनुभव आणि माहिती, दोन्ही लिहा.

हिशेबनीस:
चांगला विषय. 'का'चं निम्मं उत्तर जर्मनीत सापडतं. १९९० च्या एकीकरणानंतर पूर्वेकडचे कारखाने धडाधड बंद पडले आणि सरकारने तात्पुरती कामं प्रचंड प्रमाणात काढली, लाखो लोक त्यांवर होते. पुढे झालेल्या अभ्यासांत बऱ्याच गटांबाबत असं दिसलं की योजनेत न गेलेली तशीच माणसं आधी नोकरीला लागली. दिवसभर कामावर असलेला माणूस नोकरी शोधायचं थांबतो, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण नियमात होतं. या कामावर ठरावीक महिने भरले की बेकारी भत्त्याचा हक्क नव्याने मिळायचा. मग भत्ता, काम, पुन्हा भत्ता असं चक्र बसलं. नोकरी शोधून देणाऱ्या कार्यालयालाही ते सोयीचं होतं, कारण तेवढे महिने तो माणूस बेरोजगारांच्या आकड्यात येत नसे.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त अस्वस्थ करते. फ्रान्समध्ये उच्चशिक्षित बेरोजगार तरुणांना नोकरी शोधायला खास मदत देण्याचा मोठा प्रयोग झाला. अर्थतज्ज्ञ एस्तेर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये मांडले. काही भागांत ही मदत कुणालाच दिली नव्हती, काही भागांत पाव जणांना, काहींत निम्म्यांना, काहींत पाऊण आणि काहींत सगळ्यांना. मदत मिळालेले लवकर कामाला लागले खरे, पण त्याच भागातल्या मदत न मिळालेल्यांची संधी तेवढी घटली. नोकऱ्या कमी असलेल्या भागांत हे जास्त झालं. आणि पुढे जाऊन तो फायदाही विरला.

म्हणजे 'आमच्या योजनेतल्या इतक्यांना नोकरी लागली' हा आकडा खरा असूनही एकूण नोकऱ्या तेवढ्याच राहिलेल्या असू शकतात. त्यातले बरेच जण योजनेशिवायही लागले असते, तो भाग वेगळाच.

वळीव:
मी अशा योजनेत काम केलेलं आहे. कुठे ते लिहीत नाही, कारण मला कुणावर राग काढायचा नाही. काय होतं तेवढं सांगतो.

आम्हाला जुन्या नोंदवह्यांतला मजकूर संगणकावर भरायचं काम दिलं होतं. नाव, क्रमांक, तारीख, शेरा असे चार रकाने. रोज ठरलेली पानं भरायची. पहिल्या आठवड्यात जे काम होतं तेच शेवटच्या आठवड्यात होतं. आमच्यावर देखरेख करणारा माणूसही आमच्यासारखाच मुदतीवर होता आणि आमच्या आधी निघून गेला. कायम कर्मचारी आमच्याशी नीट वागत. पण त्यांच्या कामाशी आमचा संबंध येत नव्हता. आम्ही वेगळ्या खोलीत बसायचो. भरलेल्या नोंदी पुढे कोण वापरतं हे आम्हाला कधी कळलं नाही. चुका झाल्या तरी त्या कुणी परत पाठवल्या नाहीत.

शेवटी प्रमाणपत्र मिळालं. 'कार्यालयीन कामाचा अनुभव' एवढंच त्यावर लिहिलेलं. पुढच्या मुलाखतीत विचारलं, कोणाच्या हाताखाली होतात, त्यांच्याशी बोलता येईल का? माझ्याकडे द्यायला एकही नाव नव्हतं. समोरच्या बाईंनी कागद शांतपणे परत दिला.

पैसे वेळेवर मिळाले, आणि घरात त्या पैशांची गरज होती. तेवढं मी कधीच नाकारणार नाही. पण त्या कामाने मला पुढच्या कामापर्यंत पोचवलं नाही.

पाऊलवाट:
वळीव, मनापासून लिहिलंत, आभार. 'द्यायला एकही नाव नव्हतं' हे मी इतक्यांकडून ऐकलंय की आता पहिल्या भेटीतच विचारते: तुमचं काम पाहिलेला आणि फोन उचलेल असा एक माणूस सांगा. योजनेतून आलेल्यांपैकी फार थोड्यांना सांगता येतो.

हिशेबनीस, फ्रान्सचा प्रयोग माझ्याच कामाबद्दल आहे आणि तो मी गंभीरपणे घेते. माझ्यासमोरच्या मुलीला लागलेली नोकरी दुसऱ्या कुणाची गेली असेल, हा विचार सोपा नाही. तरी एक म्हणेन. रांगेत सतत तीच माणसं शेवटी उभी राहत असतील तर रांगेचा क्रम बदलणं हेसुद्धा काम आहे. दोन वर्षं घरी बसलेल्याला दोन महिने बसलेल्याच्या पुढे आणलं, तर दोन महिनेवाल्याला पुढची संधी मिळण्याची शक्यता तरी बरीच असते. दोन वर्षंवाल्याचे दिवस जितके लांबतात तितकी त्याची शक्यता घटत जाते.

आता सरासरीच्या उलट गेलेलं एक उदाहरण. ब्रिटनमध्ये २००९ च्या मंदीत 'फ्यूचर जॉब्स फंड' नावाची योजना निघाली. मुख्यतः १८ ते २४ वयाचे, साधारण सहा महिने भत्त्यावर असलेले तरुण. सहा महिन्यांचं काम, आठवड्याला किमान २५ तास, किमान वेतनाच्या दराने पगार. एका नोकरीमागे सरकार संस्थेला कमाल ६,५०० पौंड देई. कामं बहुतेक नगरपरिषदा आणि सेवाभावी संस्थांमध्ये, म्हणजे वरच्या आढाव्यात मागे पडलेल्याच प्रकारची. महाग आहे म्हणून २०१० मध्ये नव्या सरकारने ती गुंडाळायचं ठरवलं. मग २०१२ मध्ये सरकारचंच मूल्यमापन आलं: सुरुवातीपासून दोन वर्षांनी, योजनेत नसलेल्या तशाच तरुणांच्या तुलनेत यांच्यातले शंभरामागे ११ जण जास्त अनुदान नसलेल्या नोकरीत होते. तिजोरीला खर्च पडला, पण समाजाचा एकूण हिशेब नफ्यात निघाला.

याचं श्रेय मी त्या कामाच्या घडणीला देते. खरा पगार होता, काम चालू असलेल्या संस्थेत होतं, रोज कायम कर्मचाऱ्यांसोबत होतं. आठवड्यातले २५ तास भरल्यावर अर्ज करायला आणि मुलाखतीला जायला वेळ उरत होता. वळीव यांच्या खोलीत यातलं काहीच नव्हतं.

लहान_उद्योग:
माझ्याकडे मोजकी माणसं कामाला आहेत. अनुदानावर माणूस घ्या म्हणून मला अधूनमधून विचारणा होते. मालकाच्या बाजूने लिहितो.

अनुदानाचा कागद घेऊन कुणी आलं की पहिला विचार पैसे वाचण्याचा येत नाही. सरकारला याच्यासाठी पैसे का द्यावे लागतायत, हा येतो. चुकीचा माणूस घेतला तर जुन्या माणसांचा वेळ जातो, माल परत येतो, आणि त्याची भरपाई कुठलंच अनुदान करत नाही.

हिशेबनीस:
तुम्ही सांगताय ते मोजलं गेलंय. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहरात १९८० च्या सुमारास सरकारी मदतीवर जगणाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. दोन गटांना मालकासाठी अनुदानाची पत्रं दिली, एका गटाला मालकाला करात सूट देणारी, दुसऱ्याला रोख परतावा देणारी. तिसऱ्याला काहीच नाही. गॅरी बर्टलेस यांनी १९८५ मध्ये निकाल मांडला. पत्र असलेल्यांतले जवळपास १३ टक्के कामाला लागले, पत्र नसलेल्यांतले जवळपास २१ टक्के. पत्रामुळे दार उघडायच्या ऐवजी बंद झालं.

पण सगळीकडे असं नाही. दक्षिण आफ्रिकेत तरुणांना असंच अनुदानपत्र देण्याचा प्रयोग झाला, तिथे ते हातात असलेल्यांतले शंभरामागे साधारण ७ जण जास्त नोकरीत दिसले, एक वर्षाने आणि दोन वर्षांनीही. गंमत नाही, विचार करण्याजोगी गोष्ट अशी की मालकांपैकी फार थोड्यांनी प्रत्यक्षात पैसे मागितले. कागद हातात असल्याने तरुण जास्त धीराने दारं ठोठावत राहिले असावेत, असा एक अर्थ लावला जातो.

आणि जॉर्डन. तिथे २०१० मध्ये महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलींसाठी सहा महिन्यांचं वेतन अनुदान दिलं. चालू असताना नोकरीत असलेल्यांचं प्रमाण शंभरामागे जवळपास ४० ने वाढलं. अनुदान संपल्यावर ती वाढ जवळपास सगळी मावळली. योजनेच्या मध्यावर कुणी अहवाल लिहिला असता तर तो जगातला सगळ्यात यशस्वी अहवाल ठरला असता.

लहान_उद्योग:
हो, 'मुदत संपेपर्यंत ठेवा' असा हिशेब करणारे मालक आहेत. एकाची मुदत संपली की दुसरा आणायचा. ज्याने आधीची माणसं मुदतीनंतर ठेवलेलीच नाहीत त्याला पुन्हा अनुदान देऊ नये, इतका साधा नियम का करत नाहीत हे मला कळत नाही.

उंबरठा:
मी जरा वेगळं म्हणणार आहे. आपण सगळे 'पुढे नोकरी लागली का' या एकाच मापाने मोजतोय, आणि या मापात सगळ्यात खचलेली माणसं कायम नापास होतात.

ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाची गिरणी कामगारांची वस्ती आहे. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि जवळपास सगळी वस्ती बेकार झाली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल हे समाजसंशोधक तिथे गेले आणि त्यांनी बारीकसारीक गोष्टी मोजल्या. वाचनालयाची वर्गणी माफ केली तरी पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं. मुख्य रस्त्यावर कोण किती वेगाने चालतं ते घड्याळ लावून टिपलं. बायका भरभर चालत होत्या, त्यांच्यामागे घरची कामं होती. पुरुष रेंगाळत होते, पुन्हा पुन्हा थांबत होते. वेळ होता तेवढा सगळा रिकामा, आणि त्या रिकाम्या वेळात माणसं काही न करता आटत गेली. हे १९३३ साली छापलं गेलं.

त्याच ठिकाणी, म्हणजे आताच्या ग्रामाटनॉयझीडल गावात, २०२० च्या ऑक्टोबरपासून वेगळा प्रयोग झाला. दीर्घकाळ बेकार असलेल्या प्रत्येकाला हमखास काम. आधी दोन महिने तयारी, मग रीतसर वेतनावर नोकरी. सक्ती नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्याचा अभ्यास केला. गावातली दीर्घकालीन बेकारी जवळजवळ संपली, लोकांचा दिवस पुन्हा मार्गी लागला, ओळखीपाळखी वाढल्या, आपली कुणाला तरी गरज आहे ही भावना परत आली.

आता यातले किती जण खुल्या बाजारात गेले हे विचारा, जरूर विचारा. पण पन्नाशी उलटलेल्या, पाठीचं दुखणं असलेल्या, दहा वर्षं काम न मिळालेल्या माणसाला बाजार घेणार नाही हे आपल्यालाही माहीत असतं. त्याला ही नोकरी हीच कायमची नोकरी का असू नये? फ्रान्सने २०१६ च्या कायद्याने हेच सुरू केलं. आधी दहा ठिकाणी, पुढे आणखी. दीर्घकाळ बेकार असलेल्यांसाठी खास संस्था काढल्या आणि त्यांना मुदत नसलेला करार दिला.

हिशेबनीस:
उंबरठा, भावना पोचली. पण पैसा मर्यादित आहे. एका माणसाला कायमचं पोसणाऱ्या नोकरीच्या खर्चात किती जणांचं प्रशिक्षण झालं असतं, हा प्रश्न मी सोडणार नाही.

उंबरठा:
सोडू नका. पण त्या प्रशिक्षणाने या माणसाला नोकरी लागणार नसेल तर तो पर्याय त्याच्यासाठी पर्याय नाही. आणि 'पोसणारी' नका म्हणू, तो माणूस काम करतोय.

हिशेबनीस:
मान्य, शब्द मागे घेतो. तुमच्या बाजूचा एक पुरावाही देतो. जर्मनीने २०१९ मध्ये नियम बदलला. गेल्या सात वर्षांतली सहा वर्षं भत्त्यावर काढलेल्यांसाठी पाच वर्षांपर्यंत अनुदान. पहिली दोन वर्षं पूर्ण किमान वेतन, पुढे दरवर्षी दहा टक्के कमी. सोबत माणसाला आणि मालकाला दोघांनाही धरून राहणारा एक मार्गदर्शक. १९९० च्या दशकातल्या अनुभवातून शिकून केलेली ही रचना आहे. कोणाला घ्यायचं याची व्याख्या इतकी घट्ट ठेवली की सहज नोकरी मिळेल अशा माणसांवर पैसा जात नाही. पूर्वीच्या अभ्यासांतही एकूण परिणाम वाईट असताना फार काळ बेकार असलेल्या काही गटांना फायदा दिसला होताच.

कातळ:
रोजगार हमीचा उल्लेख आला नाही म्हणून लिहितो. महाराष्ट्राची रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळातून वाढली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ चा देशाचा कायदा ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी देणारा होता. यातून पुढे पक्की नोकरी लागेल असं कुणी म्हटलंच नव्हतं. उद्देश होता चूल विझू नये आणि मजुरीला तळ मिळावा. आंध्र प्रदेशात या योजनेचे पैसे नीट पोचू लागल्यावर काय झालं याचा मोठा प्रयोग कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी केला. गरीब कुटुंबांचं उत्पन्न वाढलं, आणि त्यातला मोठा भाग योजनेच्या मजुरीचा नव्हता, बाहेरच्या मजुरीचा होता. हाती दुसरा पर्याय आला की मजूर कमी दराला नाही म्हणू शकतो.

या योजनेला 'किती जण कायम झाले' विचारणं म्हणजे छत्रीला ऊब मागण्यासारखं आहे.

वळीव:
कातळ, हे पटलं. पण मग योजना काढणाऱ्याने आधीच सांगावं ना, की ही छत्री आहे. आम्हाला 'अनुभव मिळेल, पुढे संधी मिळेल' असं सांगितलं होतं. आम्ही त्या भरवशावर दुसरीकडचे अर्ज थांबवले.

पाऊलवाट:
वळीव, हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. संकटात तगवणारी योजना असेल तर पैसे वेळेवर, कामाच्या ठिकाणी सन्मान, आणि नसतं आश्वासन नाही. दीर्घकाळ बाहेर पडलेल्यांसाठी असेल तर वर्षांच्या भाषेत बोलायला हवं, महिन्यांच्या नाही. आणि नोकरीपर्यंत पोचवण्याचं वचन असेल तर काम त्या नोकरीसारखं हवं, आणि मालकाच्या नजरेसमोर हवं.

मोजायचं कधी, याबद्दलही एक. अमेरिकेत १९३३ ते १९४२ मध्ये 'सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर'मध्ये जवळपास ३० लाख तरुण जंगलांत, धरणांवर राबले. महिन्याला ३० डॉलर, त्यातले २५ घरी पाठवायचे. त्यांच्या नोंदी आयुष्यभराच्या नोंदींशी जोडून अलीकडे अभ्यास झाला. लगेचच्या नोकरीत आणि पगारात फरक दिसला नाही. पण जास्त काळ राहिलेले जास्त जगले आणि आयुष्यभरात जास्त कमावून गेले. दोन वर्षांनी मोजून कुणी तिला नापास केलं असतं तर हे कळलंच नसतं.

हिशेबनीस:
बरोबर. शिवाय बाजारात मागणीच नसेल तर कुठलीच योजना पुढे नेऊ शकत नाही. त्याच काळातल्या डब्ल्यूपीए (वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन) या अमेरिकेतल्या सरकारी कामांच्या योजनेवर १९३५ ते १९४३ मध्ये सुमारे ८५ लाख लोकांनी काम केलं. ती बंद झाली तोवर युद्धाच्या कारखान्यांनी माणसं ओढून घेतली होती.

वळीव:
आत्ता जे कोणी अशा मुदतीच्या कामावर आहेत ते हा धागा वाचत असतील. त्यांनी नेमकं काय करावं?

पाऊलवाट:
मी समोर बसलेल्यांना सांगते ते इथे लिहिते. मुदत संपायची वाट पाहू नका, दोन-तीन महिने बाकी असतानाच अर्ज सुरू करा. हातात काम असताना केलेला अर्ज वेगळ्या नजरेने वाचला जातो. पहिल्याच आठवड्यात विचारा की मुलाखतीला जायला सुट्टी मिळते का, बऱ्याच योजनांत तशी तरतूद असते आणि कुणी सांगत नाही. एकाच खोलीत, एकाच कामावर बसवलं असेल तर कायम कर्मचाऱ्याच्या हाताखालचं काम मागून घ्या, थोडं जास्त पडलं तरी. प्रमाणपत्राच्या भरवशावर राहू नका, ज्याने तुमचं काम पाहिलंय त्याच्याकडून वेगळं पत्र घ्या, आणि तो तिथे असेपर्यंतच घ्या.

वळीव, तुम्ही भरलेल्या नोंदी अजून वापरात असतील तर त्या वापरणाऱ्या विभागाला आजही लिहिता येईल. मला व्यक्तिगत निरोप पाठवा, पत्राचा मसुदा करून देते.

लहान_उद्योग:
पत्रात काय असावं ते मालक म्हणून सांगतो. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, रोज काय केलं, चूक झाली तेव्हा कशी दुरुस्त केली, वेळ पाळली का, आणि खाली ज्याला मी फोन करू शकेन असा नंबर. 'मेहनती व प्रामाणिक आहेत' एवढंच असेल तर त्याचा मला उपयोग नाही. एवढ्या गोष्टी असतील तर अनुदान असो वा नसो, मी निदान बोलावून बोलतो.

वळीव:
पाऊलवाट, निरोप पाठवलाय.